भिजलेला कंट्रोलर आधी धुवावा

गेम कंट्रोलरवर चहा किंवा कोल्ड्रिंक सांडले की बहुतेक घरांत तो फडक्याने पुसला जातो, उन्हात ठेवला जातो, नाहीतर तांदळाच्या डब्यात पुरला जातो. दोन दिवसांनी तो चालू झाला की विषय संपला असे वाटते. मग तीन-चार आठवड्यांनी एखादे बटण अडकू लागते, स्टिकला हात न लावता पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला चालू लागतो, कधी चार्जिंगच होत नाही. तोपर्यंत सांडलेला चहा कुणाच्या लक्षातही नसतो. नुकसान मात्र त्याच चहाचे असते. पाणी उडून जाते आणि त्यातली साखर, दूध, क्षार व आम्ल बोर्डावर राहते. वाळवण्याने या उरलेल्या गोष्टी जात नाहीत, उलट घट्ट चिकटतात. त्या काढायच्या तर कंट्रोलर उघडून धुवावाच लागतो.

ओलाव्याने नेमके काय बिघडते ते कळले की दुरुस्तीचा क्रमही कळतो. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी वाहते. ती वाहते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरपेक्षा नळाचे पाणी वाईट, आणि नळाच्या पाण्यापेक्षा लिंबू सरबत वाईट. कंट्रोलर बंद असला तरी आतली बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. प्लेस्टेशन ४ सोबत २०१३ मध्ये आलेल्या ड्युअलशॉक ४ मध्ये ३.६५ व्होल्टची, १००० एमएएच क्षमतेची लिथियम बॅटरी असते. २०२० च्या ड्युअलसेन्समध्ये व्होल्टेज तेवढेच, क्षमता १५६०. पाण्याचे विघटन सुरू व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, म्हणजे बॅटरीकडे त्याच्या जवळजवळ तिप्पट दाब तयार असतो. ओल्या बोर्डावर धन बाजूच्या तांब्यातून आयन सुटतात, द्रवातून ऋण बाजूकडे सरकतात आणि तिथे पुन्हा धातू होऊन साचतात. हा साका बारीक फाटे फुटत उलट दिशेला वाढत जातो. बोर्डावरच्या दोन रेषांमधले अंतर बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढेच असल्याने हे फाटे लवकर पलीकडे पोचतात आणि शॉर्ट होतो. धन बाजूची रेष तेवढ्यात झिजून तुटलेली असते.

वीज तोडली तरी दुसरी झीज चालू राहते, ती सावकाश. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, भांड्यावर हिरवा थर येतो. बोर्डावर जोडकामांभोवती दिसणारी हिरवी-निळी भुकटी हा त्याच जातीचा कळंक असतो. हवेतला दमटपणा त्याला पुरतो. मुंबई-कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते आणि किनाऱ्यालगत ती खारटही असते. तिथे न धुतलेला बोर्ड देशावरच्या कोरड्या गावातल्यापेक्षा लवकर खाल्ला जातो.

काय सांडले यावर धोका ठरतो. पिण्याचे साधे पाणी सर्वांत सौम्य. बॅटरी लगेच सोडवली तर अशा कंट्रोलरला बहुधा काहीच होत नाही. कोलाच्या पेयात फॉस्फोरिक आम्ल असते, त्याचा पीएच अडीचच्या आसपास असतो आणि शंभर मिलिलिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते. आम्ल धातू खाते, साखर बटणे चिकटवते. आपल्याकडचा दुधाचा चहा मात्र बाहेरून निरुपद्रवी दिसतो आणि आत जास्त त्रास देतो, कारण त्यात साखरेबरोबर स्निग्धांश आणि दुधातली प्रथिने असतात. ती वाळली की पातळ पापुद्रा धरतात आणि नंतर नुसत्या पाण्यानेही सहज सुटत नाहीत. चहा सांडलेला कंट्रोलर म्हणूनच त्याच दिवशी उघडलेला बरा. समुद्राचे पाणी सर्वांत वाईट. लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असलेले हे पाणी बॅटरी जोडलेल्या बोर्डाला काही मिनिटांतच घायाळ करते.

पहिल्या काही मिनिटांत करण्यासारखे थोडेच असते, पण पुढचे बरेचसे त्यावर ठरते. चार्जिंगची केबल लागली असेल तर ती आधी भिंतीकडच्या बाजूने काढावी. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये पेन्सिल सेलची जोडी असते. मागचे झाकण सरकवून सेल काढले की वीज तुटते, आणि या बाबतीत ती जुन्या पद्धतीची रचना फार उपयोगाची ठरते. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची बॅटरी आत असल्याने तो उघडावाच लागतो. तोपर्यंत कंट्रोलर कलता धरून द्रव ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने निथळू द्यावा. तो झटकू नये, झटकल्याने स्टिकपाशी असलेला थेंब बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. चालतो का हे पाहण्यासाठी बटण दाबण्याचा मोह तर पूर्णच आवरावा. भिजलेला बोर्ड त्या एका दाबानेही जाऊ शकतो.

तांदळाचा उपाय सोडून द्यावा. तांदूळ बंद कवचातला ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची भुकटी व कणी चार्जिंगच्या तोंडात जाते. ॲपलनेही आयफोनच्या मदतपृष्ठावर भिजलेला फोन तांदळात ठेवू नका असे सांगितले आहे. केस वाळवायचा ड्रायरही नको. जवळून धरला तर प्लॅस्टिक वाकते, आणि हवेच्या झोताने द्रव चिपांखाली आणखी आत ढकलला जातो.

उघडण्याची पद्धत प्रत्येक कंट्रोलरची निराळी असते. ड्युअलशॉक ४ सर्वांत सरळ आहे. मागे चार फुलीचे छोटे स्क्रू असतात, ते काढले की दोन्ही कवचे कडेकडेने सुटतात. मागचे कवच मात्र एकदम ओढू नये, कारण चार्जिंगचे तोंड असलेला छोटा बोर्ड त्या कवचात बसवलेला असतो आणि तो मुख्य बोर्डाला पातळ रिबनने जोडलेला असतो. घाईने उघडणारे ही रिबन हमखास फाडतात. ड्युअलसेन्सचे चार स्क्रू लपवलेले आहेत. पुढची काळी पट्टी काढल्यावर दोन दिसतात आणि वरची एल१ व आर१ ही बटणे अलगद उचकटली की उरलेले दोन. एक्सबॉक्समध्ये आधी हातात धरायच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उचकटाव्या लागतात. त्याखाली चार आणि सेलच्या खोबणीतल्या स्टिकरखाली एक, असे पाच स्क्रू असतात. ते मध्ये भोक असलेल्या टॉर्क्स टी८ जातीचे असल्याने साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनला तीन पात्यांचे स्क्रू लागतात. चुकीच्या टोकाने जोर लावला की स्क्रूचे डोके गोल होते आणि धुण्यापूर्वीच वेगळी दुरुस्ती उभी राहते. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवावा. कुठली तार कुठल्या बाजूने वळवली होती हे जोडताना आठवत नाही.

कवच उघडताच पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचे. तो तारांनी ओढायचा नसतो. नखाने किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने पांढऱ्या खोबणीचे दोन्ही कान आळीपाळीने ढकलावे. बॅटरी फुगली असेल किंवा तिच्या वेष्टनावर द्रवाचे डाग असतील तर ती पुन्हा वापरू नये. कोरडी आणि सपाट असेल तर मल्टिमीटरने पाहावी. पूर्ण भरलेली सुमारे ४.२ व्होल्ट दाखवते. अडीचच्या खाली उतरलेली बॅटरी बाद धरावी.

आता धुणे. इथे बरेच जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानात ‘आयपीए’ म्हणून मिळणारा द्रव, वापरायला लागतात. तेल, चिकट फ्लक्स आणि पाणी उचलण्यात तो उत्तम आहे, पण साखर आणि मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाहीत. सरबताने माखलेला बोर्ड नुसत्या आयपीएने घासला तर साखर एका जागेवरून दुसरीकडे पसरते, इतकेच होते. ही साखर पाण्यानेच निघते. म्हणून बॅटरी, व्हायब्रेशनच्या मोटरी, स्पीकर आणि बटणांखालचा पातळ पडदा काढून घेतल्यावर बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी ते कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळते. जुना मऊ टूथब्रश पाण्यात बुडवून कनेक्टरच्या कडा, चिपांच्या पायांमधल्या फटी आणि चार्जिंगच्या तोंडाचा आतला भाग हळूहळू घासावा. चहाचा पापुद्रा असेल तर पाणी कोमट घ्यावे आणि भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादा थेंब टाकावा. नंतर साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलत राहावे.

पाण्याने धुऊन झाल्यावर आयपीए येतो, तो पाण्याला बाहेर काढण्यासाठी. त्यासाठी ९९ टक्क्यांचा हवा. सत्तर टक्क्यांच्या बाटलीत तीस टक्के पाणीच असते. सॅनिटायझर चालत नाही, त्यातले ग्लिसरीन बोर्डावर चिकटून राहते. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्येही इतर मिश्रणे असू शकतात. एक धोका मात्र नीट लक्षात घ्यावा. आयपीएची वाफ बारा अंशाच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही खोलीत ती पेटण्यायोग्यच असते. खिडकी उघडी हवी, आणि देव्हाऱ्यातले निरांजन, गॅस व तापलेला सोल्डरिंग आयर्न दूर हवेत. कारागिरांकडे ध्वनिलहरींनी धुणारे अल्ट्रासॉनिक यंत्र असते. चिपांखालची घाण काढण्यात त्याची बरोबरी ब्रश करू शकत नाही, पण त्यात बॅटरी, मोटर किंवा मायक्रोफोन टाकायचा नसतो.

कवच, बटणे आणि रबराच्या टोप्या साध्या साबणाच्या पाण्याने स्वच्छ होतात. बटणांखालच्या भागाला मात्र नाजूक हात लागतो. ड्युअलशॉक ४ मध्ये बटणांखाली एक पारदर्शक लवचिक पडदा असतो, त्यावर रेषा आणि काळे कार्बनचे ठिपके छापलेले असतात. रबराचा घुमट दाबला की तो ठिपक्यावर टेकतो आणि बटण नोंदले जाते. साखरेचा थर आला की बटण दाबलेलेच राहते किंवा दाबूनही नोंदत नाही. हा पडदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच टिपावा. आयपीएने जोरात घासला तर छापलेला कार्बनच निघून येतो आणि मग नवा पडदा आणण्याशिवाय गत्यंतर नसते. सुदैवाने हा सुटा भाग स्वस्त असतो. एक्सबॉक्सची एलबी-आरबी ही खांद्यावरची बटणे दाबली की टिक असा आवाज येतो, कारण प्रत्येकाखाली धातूच्या पत्र्याचा छोटा बंद स्विच असतो. त्याच्या आत साखर गेली तर ती बाहेरून निघत नाही, स्विचच बदलावा लागतो.

सर्वांत जास्त डोकेदुखी स्टिकची. प्रत्येक स्टिकच्या चौकटीला काटकोनात दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. आत कार्बनची चंद्रकोरीसारखी पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचे बारीक बोट सरकते. स्टिक मध्यावर असताना बोट पट्टीच्या मधोमध असते आणि पुरवलेल्या व्होल्टेजच्या निम्मे बाहेर देते. बोर्डावरची चिप त्या आकड्यालाच ‘स्थिर’ समजते. पट्टीवर साखरेचा किंवा क्षाराचा ठिपका आला की आकडा थोडा सरकतो आणि चिपेला वाटते की स्टिक ढकलली आहे. यालाच खेळणारे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. झिजून येणारा ड्रिफ्ट हळूहळू वाढतो. द्रवामुळे आलेला मात्र लहरी असतो, सकाळी नसतो आणि संध्याकाळी असतो, कारण उरलेला क्षार हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो.

अशा स्टिकवर पहिला उपाय चौकटीच्या बाजूचे प्लॅस्टिकचे झाकण बारीक टोकाने उचकून आतली पट्टी आयपीए लावलेल्या काडीने एकदाच, न घासता पुसण्याचा. वर विजेच्या संपर्कांसाठी बनवलेल्या क्लीनरचा एखादा थेंब चालतो. घरात गंजलेल्या बिजागरीसाठी असलेला तेलकट स्प्रे चालत नाही, तो धूळ धरून ठेवतो. एवढ्याने भागले नाही तर चौकट बदलावी लागते, आणि हे काम नवशिक्याचे नव्हे. ड्युअलशॉक ४ मध्ये एका चौकटीचे चौदा पाय सोल्डर केलेले असतात, दोन्ही पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, दाबण्याच्या स्विचचे चार आणि आधाराचे चार. त्यातले काही बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेले असल्याने उष्णता पळून जाते आणि सोल्डर वितळत नाही. कारखान्यातला शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळतो. त्यात थोडा शिसेयुक्त सोल्डर मिसळला की तो खालच्या तापमानाला मऊ होतो आणि पंपाने ओढता येतो. घाईने चौकट उपटली तर भोकाच्या आतले तांबेच निघून येते आणि बोर्ड जातो. चौकट बदलायचीच असेल तर हॉल परिणामावर चालणारी घ्यावी. तिच्यात घासणारा कार्बन नसतो, चुंबकाचे क्षेत्र मोजले जाते, त्यामुळे थोडी घाण गेली तरी मोजमाप फारसे बिघडत नाही. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, आणि सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट कंट्रोलरमध्ये तो वापरलाही गेला होता. आजच्या मुख्य कंपन्यांचे नेहमीचे कंट्रोलर मात्र बहुतांशी कार्बनच्या पट्टीवरच अडकून आहेत, हे ग्राहकांच्या दृष्टीने खेदाचे आहे.

ड्युअलशॉक ४ च्या ट्रिगरमध्ये स्प्रिंग आणि रबर एवढेच असते, ते धुतले की काम भागते. ड्युअलसेन्सच्या ट्रिगरमागे मात्र छोटी मोटर आणि दातेरी चाके असतात, खेळातल्या प्रसंगानुसार बोटाला विरोध देण्यासाठी. तिथे पाक गेला तर चाके सुटी करूनच पुसावी लागतात. पुसून निघालेल्या ग्रीसच्या जागी प्लॅस्टिकला चालणाऱ्या ग्रीसचा हलका हात पुरतो.

धुऊनही बोर्ड मुका असेल तर भिंगाखाली पाहावे. हिरवा ठिपका दिसेल तिथे ब्रश आणि आयपीएने साफ करून मल्टिमीटर बीपच्या खुणेवर ठेवावा आणि रेषेच्या दोन्ही टोकांना लावावा. आवाज आला नाही तर रेष तुटली आहे. एनॅमलचा लेप असलेली केसासारखी बारीक तार दोन टोकांना जोडून ती सांधता येते. बॅटरीच्या कनेक्टरच्या दोन खुंट्यांमध्ये मात्र बीप आला तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि अशा बोर्डाला बॅटरी लावूच नये. मुख्य चिपेखाली शॉर्ट असेल तर दुरुस्तीचा खर्च नव्या कंट्रोलरच्या किमतीला भिडतो.

धुतलेला बोर्ड कोरड्या हवेत पंख्यासमोर एक पूर्ण दिवस ठेवावा. पावसाळ्यात एवढ्याने भागत नाही. तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसोबत दोन दिवस ठेवावा, किंवा एसी चालू असलेल्या खोलीत. कनेक्टरच्या आत आणि मोठ्या चिपांखाली पाणी सर्वांत शेवटी वाळते. जोडण्यापूर्वी बॅटरी न लावता केबलने संगणकाला लावून पाहणे सुरक्षित. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत प्रत्येक बटण आणि स्टिकची हालचाल दिसते, ब्राउझरमधल्या चाचणीच्या पानांवर स्टिकचा आकडाही येतो. हात न लावता स्टिकचा आकडा शून्याच्या आसपास किंचित थरथरणे नेहमीचे आहे, एका बाजूला ढळून राहणे नाही. हीच तपासणी दोन आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण चिपेखाली राहिलेला क्षार तेवढ्या काळात आपले अस्तित्व दाखवतो.

घरी उघडण्याची हिंमत नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तापकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी ठिकाणे आहेत. सुटे भाग आणि साधने तिथे मिळतात आणि हातखंडा कारागीरही भेटतात. दुकानात जाताना काय सांडले, केव्हा सांडले आणि नंतर कंट्रोलर चालू केला होता का, हे खरे सांगावे. कारागिराचे अर्धे निदान या तीन उत्तरांत असते. वॉरंटीचा आधार धरू नये, सांडलेल्या द्रवाचे नुकसान सहसा तिच्यात बसत नाही. नवा कंट्रोलर पाच-सहा हजारांच्या घरात जात असल्याने धुणे, नवा पडदा किंवा एखादा स्विच एवढ्यावर भागत असेल तर दुरुस्ती निश्चित परवडते. दोन्ही स्टिक, चार्जिंगचे तोंड आणि बॅटरी असे सगळेच गेले असेल तर परवडत नाही.

तसा कंट्रोलरही फेकून देऊ नये. त्याची कवचे, ट्रिगर, मोटरी आणि चांगली राहिलेली स्टिक पुढच्या भिजलेल्या कंट्रोलरला लागतात, आणि कारागीर असे मेलेले कंट्रोलर आनंदाने विकत घेतात. बॅटरी मात्र वेगळी काढावी. ती घरच्या कचऱ्यात गेली तर घंटागाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. भारतात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आहेत, आणि १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू आहेत. दोन्हींनुसार जुना माल परत घेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून बॅटरी संकलन केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यावी.